मेंडेल्सोन यांचा अखेरचा पत्ता

बर्लिनच्या जुन्या वस्तीत ग्रोसे हाम्बुर्गर श्ट्रासे नावाचा रस्ता आहे. शाळा, रुग्णालय, चर्च आणि राहती घरे यांच्या मधोमध या रस्त्यावर अचानक एक मोकळी जागा लागते. उंच झाडे, जमिनीवर दाट पसरलेली आयव्हीची वेल, सभोवार भिंती आणि हिरवाईत उभा असलेला कबरीचा एक दगड. नवख्या माणसाला ही बाग वाटते. एके काळी तिची बाग करण्यातही आली होती. प्रत्यक्षात १६७२ ते १८२७ अशी दीडशेहून अधिक वर्षे बर्लिनच्या ज्यू समाजाने आपल्या माणसांना येथे मूठमाती दिली.

दगडावरचे नाव आहे मोझेस मेंडेल्सोन यांचे. १८व्या शतकातील युरोपचे एक मान्यवर तत्त्वज्ञ, ज्यू समाजातील प्रबोधनाचे अग्रणी आणि विख्यात संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन यांचे आजोबा. मात्र हा दगड मूळचा नाही. मेंडेल्सोन यांचा देह नेमका याच दगडाखाली विसावला आहे, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही. या माणसाचे सारे आयुष्य एका साध्या प्रश्नाभोवती फिरत राहिले : आपल्याला येथे राहण्याचा हक्क आहे की नाही? मृत्यूनंतरही या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही.

मोझेस यांचा जन्म ६ सप्टेंबर १७२९ रोजी आनहाल्ट-डेसाऊ या छोट्या संस्थानातील डेसाऊ गावी झाला. वडील मेंडेल हे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित प्रती तयार करणारे लेखनिक होते आणि मुलांना शिकवीतही असत. घरची परिस्थिती बेताची. मुलगा मात्र विलक्षण तल्लख. गावचे रब्बी डेव्हिड फ्रँकेल यांनी त्याला तालमुद शिकवले आणि मध्ययुगातील थोर ज्यू पंडित मायमोनिडिस यांच्या ग्रंथाची गोडी लावली. लहानपणीच मोझेसच्या पाठीला पोक आले आणि ते जन्मभर राहिले.

१७४३ साली फ्रँकेल यांची बर्लिनला मुख्य रब्बी म्हणून नेमणूक झाली. गुरूंच्या मागोमाग १४ वर्षांचा मोझेसही निघाला. शंभराहून अधिक किलोमीटरची ती वाट त्याने पायी तुडवली. ज्यूंना बर्लिनमध्ये शिरण्यासाठी रोझेन्थाल वेस ठरवून दिलेली होती. तेथे येणाऱ्याची चौकशी होई आणि पोट भरण्याचे साधन नसलेल्याला माघारी धाडले जाई. मोझेसला गुरूंच्या ओळखीवर आत जाता आले. माळ्यावरची एक खोली, आठवड्यातून काही दिवस दुसऱ्यांच्या घरी जेवण आणि बाकीचे दिवस कोरडी भाकरी, असा त्याचा विद्यार्थीदशेचा संसार होता.

ज्या समाजात तो आला त्याचा बर्लिनमधला मुक्कामही तसा अलीकडचा होता. व्हिएन्नातून हद्दपार झालेल्या ५० ज्यू कुटुंबांना ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक विल्यम याने १६७१ साली आपल्या मुलखात राहण्याची परवानगी दिली. पुढच्याच वर्षी या लोकांनी वेशीलगतच्या जमिनीवर दफनभूमी सुरू केली. त्यांचे सार्वजनिक प्रार्थनामंदिर उभे राहायला त्यानंतर चार दशके जावी लागली. हा क्रम ज्यू परंपरेला धरूनच होता. हिब्रू भाषेत दफनभूमीला शाश्वत घर म्हणतात. तेथे एकदा ठेवलेल्या देहाला हलवायचे नाही, त्या जागेचा दुसरा वापर करायचा नाही, असा दंडक आहे. जिवंतपणी कोणत्याही राजाच्या लहरीवर गाव सोडावे लागणाऱ्या समाजाला मृत्यूनंतर मिळणारा हा एकच कायमचा पत्ता होता.

मोझेस यांनी बर्लिनमध्ये गणित, तर्कशास्त्र, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी आत्मसात केले. कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढता हे शिक्षण झाले. ज्यू समाजातीलच काही जाणती माणसे त्यांची शिक्षक होती. १७५० साली रेशमाचे व्यापारी आयझॅक बर्नहार्ड यांच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून त्यांना काम मिळाले. १७५४ पासून ते बर्नहार्ड यांच्या रेशीम कारखान्यात हिशेब लिहू लागले. पुढे ते कारखान्याचे व्यवस्थापक आणि नंतर भागीदार झाले. दिवसा रेशमाचा हिशेब आणि पहाटे किंवा रात्री तत्त्वज्ञान, हा दिनक्रम अखेरपर्यंत चालला.

याच १७५४ मध्ये त्यांची गाठ नाटककार गॉटहोल्ड लेसिंग यांच्याशी पडली. दोघे एकाच वर्षी जन्मलेले आणि दोघांनाही बुद्धिबळाचा शौक. पटावर जुळलेली ही मैत्री पुढे जर्मन साहित्याच्या इतिहासाचा भाग झाली. मेंडेल्सोन यांचे पहिले तत्त्वज्ञानविषयक लेखन लेसिंग यांनीच १७५५ मध्ये छापून आणले. १७६३ साली बर्लिनच्या विज्ञान अकादमीने घेतलेल्या निबंधस्पर्धेत मेंडेल्सोन यांना पहिले पारितोषिक मिळाले. ज्यांचा निबंध दुसरा ठरला त्यांचे नाव होते इमॅन्युएल कांट.

एवढी कीर्ती झाली, तरी कायद्याच्या लेखी मेंडेल्सोन बर्लिनमध्ये उपरेच होते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १७५० साली काढलेल्या फर्मानाने ज्यूंची प्रतवारी लावली होती. वरच्या वर्गातील थोड्या श्रीमंतांना राहण्याचा आणि तो हक्क मुलांना देण्याचा अधिकार होता. खालच्या वर्गातील माणसाचा मुक्काम मालकाच्या नोकरीवर अवलंबून असे. नोकरी गेली की गावही गेले. फ्रेंच विचारवंत मार्की दार्जां यांनी राजाकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे ऑक्टोबर १७६३ मध्ये मेंडेल्सोन यांना संरक्षणपत्र मिळाले. तेही केवळ त्यांच्यापुरते. आदल्याच वर्षी हाम्बुर्गच्या फ्रोमेट गुगेनहाइम यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पत्नीला आणि होणाऱ्या मुलांना या पत्राचा आधार नव्हता.

आत्म्याच्या अमरत्वाचा विचार मांडणारा त्यांचा 'फेडॉन' हा ग्रंथ १७६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपातील अनेक भाषांत पोहोचला. लोक त्यांना जर्मन सॉक्रेटिस म्हणू लागले. १७७१ साली विज्ञान अकादमीच्या सदस्यांनी त्यांची निवड केली, पण राजाने तिला मंजुरी दिली नाही. त्याआधी १७६९ मध्ये योहान लाव्हाटर या स्विस धर्मोपदेशकाने त्यांना उघड आव्हान दिले होते. ख्रिस्ती धर्माच्या बाजूने मांडलेले युक्तिवाद खोडून दाखवावेत, नाही तर धर्मांतर करावे, अशी त्याची मागणी. मेंडेल्सोन यांनी संयमाने उत्तर दिले आणि आपला धर्म सोडला नाही. या वादाचा ताण मात्र त्यांच्या प्रकृतीवर झाला आणि बराच काळ त्यांना लेखन-वाचन बंद ठेवावे लागले.

आजारातून ते सावरत होते त्याच सुमारास, १७७२ साली, एक वेगळेच प्रकरण त्यांच्यापुढे आले. मेक्लेनबुर्ग-श्वेरिनच्या ड्यूकने आपल्या राज्यातील ज्यूंना हुकूम काढला : मृत्यूनंतर तीन दिवस होईपर्यंत कोणालाही पुरायचे नाही. मूर्च्छित माणूस मृत समजून जिवंत पुरला जाण्याची भीती त्या काळी युरोपात सर्वत्र पसरली होती. ज्यूंची रीत याच्या नेमकी उलट. मृतदेह ताटकळत ठेवणे म्हणजे मृताची विटंबना, म्हणून शक्य तर त्याच दिवशी दफन करावे, असे धर्मशास्त्र सांगते. हादरलेल्या ज्यू मंडळींनी रब्बी जेकब एम्डेन यांच्याकडे धाव घेतली. एम्डेन यांनी त्यांना जर्मन भाषेत उत्तम अर्ज लिहू शकणाऱ्या मेंडेल्सोन यांच्याकडे पाठवले.

मेंडेल्सोन यांनी अर्ज लिहून दिला. वैद्याने मृत्यूचा दाखला दिल्यावर दफनाला आडकाठी असू नये, असा मधला मार्ग त्यांनी ड्यूकपुढे ठेवला. त्याच वेळी आपल्या लोकांना मात्र त्यांनी वेगळे पत्र लिहिले. हुकमात घाबरण्यासारखे काही नाही. प्राचीन काळी आपले पूर्वज मृतांना गुहेत ठेवीत आणि तीन दिवस जाऊन पाहत. असा एक जण जिवंत आढळल्याची कथा आपल्याच ग्रंथांत आहे. तेव्हा दफनभूमीत एक खोली बांधावी आणि तेथे मृतदेहावर काही काळ लक्ष ठेवावे, असे त्यांनी सुचवले. जीव वाचवण्यापुढे इतर नियम गौण ठरतात, हेही धर्मशास्त्रच सांगते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. एम्डेन यांना हे मुळीच पटले नाही. दोघांत पत्रांतून वाद झाला आणि तो मिटला नाही.

मेंडेल्सोन यांचा सारा पिंड या एका प्रकरणात दिसतो. सत्तेने आपल्या समाजाच्या रीतिरिवाजात बळाने ढवळाढवळ करू नये, यासाठी ते दरबारात रदबदली करीत. घरात वळून समाजाला मात्र नवे ज्ञान स्वीकारायला सांगत. दोन्हीकडून त्यांना बोल लागले. १७७७ मध्ये ड्रेसडेनच्या शेकडो ज्यूंवर हद्दपारीची पाळी आली, तेव्हा त्यांनी आपली ओळख वापरून ती टाळली. अल्सासच्या ज्यूंच्या बाजूने लिहिण्यासाठी त्यांनी ख्रिश्चन डोम या अधिकाऱ्याला उद्युक्त केले. त्यातून १७८१ साली ज्यूंच्या नागरी हक्कांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. दुसरीकडे त्यांनी बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचा शुद्ध जर्मन भाषेत अनुवाद केला आणि ज्यू मुलांना वाचता यावा म्हणून तो हिब्रू लिपीत छापला. १७८० ते १७८३ दरम्यान तो प्रसिद्ध झाला. काही रब्बींनी त्याला कडाडून विरोध केला, पण हजारो मुलांसाठी हाच अनुवाद जर्मन भाषेचे दार ठरला.

लेसिंग यांनी १७७९ मध्ये 'नाथान द वाइज' हे नाटक लिहिले. त्यातील उदार, शहाणा नाथान मेंडेल्सोन यांच्यावरूनच घेतला आहे, हे सर्वांना ठाऊक होते. मेंडेल्सोन यांनी स्वतःची भूमिका १७८३ च्या 'जेरुसलेम' या ग्रंथात मांडली. राज्यसंस्था माणसाच्या कृतीवर बंधन घालू शकते, श्रद्धेवर नाही. आणि धर्मसंस्थेलाही शिक्षा करण्याचा किंवा वाळीत टाकण्याचा अधिकार नसावा. राजा आणि रब्बी या दोघांनाही एकाच वेळी मर्यादा घालून देणारा हा विचार त्या काळात मोठ्या धाडसाचा होता.

लेसिंग १७८१ मध्ये वारले. पुढे त्यांच्या विचारांवरून वाद उठला, तेव्हा मित्राच्या बचावासाठी मेंडेल्सोन यांनी पुन्हा लेखणी उचलली. १७८५ च्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत, हे हस्तलिखित ते स्वतः प्रकाशकाकडे देऊन आले. त्या वेळी लागलेल्या थंडीने त्यांना अंथरुणाला खिळवले. ४ जानेवारी १७८६ रोजी वयाच्या ५७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कबरीवरचा मजकूर साधा होता. डेसाऊचे विद्वान मोझेस, जन्म अमुक दिवशी, मृत्यू बुधवारी, दफन दुसऱ्या दिवशी गुरुवारी, एवढेच हिब्रू अक्षरांत कोरलेले. दुसऱ्या दिवशी या शब्दांत नियतीचा एक सूक्ष्म विनोद दडला आहे. मृतांना थोडा अवधी द्यावा असे सांगणाऱ्या माणसाला त्याच्या समाजाने आपल्या जुन्या रीतीप्रमाणेच निरोप दिला. पुढे १७९२ मध्ये बर्लिनच्या तरुण ज्यूंनी एक मित्रसंस्था काढली आणि दफनापूर्वी वाट पाहण्याचा आग्रह धरला. तिच्या संस्थापकांत मेंडेल्सोन यांचा मुलगा जोसेफ होता.

१८२७ मध्ये ही दफनभूमी भरली आणि नवी जागा घेण्यात आली. पण जुन्या जागेला कोणी हात लावला नाही. १९व्या शतकात लायझर लांड्सहूट या अभ्यासकाने दगडांवरचे हिब्रू लेख उतरवून घेतले. त्या वेळी हे काम फार तर पंडिती छंद वाटले असेल. पुढे मात्र अनेक कबरींची नावे त्यामुळेच वाचली. दफनभूमीच्या दर्शनी बाजूला १८४४ पासून ज्यू समाजाचा वृद्धाश्रम होता आणि शेजारी मुलांची शाळा.

नाझी राजवटीत हे सारे चित्र उलटले. १९३६ मध्ये लाइप्झिग येथील फेलिक्स मेंडेल्सोन यांचा पुतळा हटवण्यात आला. १९३८ मध्ये जोसेफ यांनी १७९५ साली स्थापन केलेली मेंडेल्सोन पेढी मोडीत निघाली. १९४२ मध्ये गेस्टापोने वृद्धाश्रम ताब्यात घेतला आणि तेथे बर्लिनच्या ज्यूंना आणून कोंडले. तेरेजिनश्टाट आणि ऑशविट्झ येथे मृत्यूकडे धाडण्यापूर्वीचा हा थांबा होता. खिडकीतून आपल्या पूर्वजांच्या कबरी दिसत असताना हजारो माणसे येथून शेवटच्या प्रवासाला गेली. १९४३ मध्ये गेस्टापोच्या आदेशाने दफनभूमीही उद्ध्वस्त करण्यात आली. बॉम्बहल्ल्यापासून आसरा घेण्यासाठी तिच्यातून खंदक खणला, हाडे उकरली गेली आणि खंदकाच्या बाजूंना आधार म्हणून कबरींचे दगड वापरले. मेंडेल्सोन यांची कबर या विध्वंसात नाहीशी झाली. एप्रिल १९४५ मध्ये, युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, बॉम्बहल्ल्यात आणि लढाईत मेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना याच जमिनीत सामूहिक खड्ड्यांतून पुरण्यात आले.

युद्धानंतर हा भाग पूर्व बर्लिनमध्ये गेला. १९७० च्या दशकात शहराच्या उद्यान खात्याने उरलेसुरले दगड हलवून तेथे बाग केली. काही फार जुने दगड भिंतीत बसवलेले होते, तेवढे राहिले. मेंडेल्सोन यांच्या स्मरणार्थ नवा दगड उभारण्यात आला. १९८५ मध्ये पूर्वीच्या वृद्धाश्रमाच्या जागी शिल्पकार विल लामेर्ट यांचा शिल्पसमूह बसवला गेला. तरीही लोक या हिरवळीवर फिरत, विसावत आणि आपल्या पायाखाली काय आहे याची अनेकांना कल्पना नसे.

बर्लिनमध्येच वायसेनझे येथे १८८० साली सुरू झालेली ज्यूंची मोठी दफनभूमी आहे. तेथील लाखाहून अधिक कबरी युद्धातून बचावल्या. त्यामुळे तेथे जतनाचे काम म्हणजे झाडी काढणे, पडलेले दगड उभे करणे, भिंती आणि स्मारके दुरुस्त करणे. ग्रोसे हाम्बुर्गर श्ट्रासेपुढचा प्रश्न निराळा होता. येथे दुरुस्त करायला दगडच उरले नव्हते. कोणाची कबर कोठे होती हे जमिनीवर दाखवणे शक्य नव्हते. जुन्या थाटाचे नवे दगड रांगेने उभे केले असते तर दफनभूमी दिसायला पूर्ण झाली असती, पण ती खोटी ठरली असती. शिवाय १९४३ मध्ये काय घडले त्याची खूणही त्याखाली पुसली गेली असती.

२००७ आणि २००८ मध्ये या जागेचे काम झाले, तेव्हा वेगळी वाट निवडण्यात आली. बागेचे स्वरूप काढून टाकले. जमिनीवर आयव्ही पसरू दिली, म्हणजे कोणी कबरींवरून चालणार नाही. मोडलेल्या दगडांचे तुकडे एका दगडी पेटीत एकत्र ठेवले. सप्टेंबर २००८ मध्ये ही जागा पुन्हा दफनभूमी म्हणून समर्पित करण्यात आली. ज्यू धर्मशास्त्रानुसार ती कधी दफनभूमी नसलेली नव्हतीच. दगड फोडल्याने किंवा बाग फुलवल्याने मृतांचा हक्क संपत नाही. २००८ मध्ये शहराने हा जुना हक्क मान्य केला, एवढेच. जीर्णोद्धार म्हणजे गेलेले पुन्हा उभारणे, ही आपली नेहमीची समजूत. येथे तो रिकामी जागा रिकामीच राखण्यात आहे.

मेंडेल्सोन यांच्या कुटुंबाची पुढची वाट वेगळी झाली. त्यांच्या सहा मुलांपैकी चौघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नातू फेलिक्स आणि नात फॅनी यांच्या कबरी बर्लिनमधील एका ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. संरक्षणपत्र देणारा आणि अकादमीचे दार बंद ठेवणारा राजा फ्रेडरिक हाही १७८६ मध्येच वारला. सान्सूसी राजवाड्यात आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी साधेपणाने पुरावे, ही त्याची इच्छा होती. ती पुरी व्हायला १९९१ साल उजाडले. मधल्या काळात त्याची शवपेटी युद्धामुळे गावोगाव हिंडली. एका जर्मन इतिहासाने राजा आणि त्याचा प्रजाजन, दोघांच्याही चिरनिद्रेत व्यत्यय आणला.

शेजारची ज्यू शाळा १९९० च्या दशकात पुन्हा सुरू झाली आणि आता तिला मोझेस मेंडेल्सोन यांचे नाव आहे. मुले रोज या भिंतीलगत ये-जा करतात. भिंतीच्या आत, आयव्हीखाली, व्हिएन्नाहून आलेल्या पहिल्या निर्वासितांचे वंशज आहेत, बर्लिनचे रब्बी आणि व्यापारी आहेत, आणि १९४५ मध्ये घाईने पुरलेली, बहुतांशी ज्यू नसलेली माणसेही आहेत. त्यांना वेगळे काढता येत नाही आणि हलवायचेही नाही. १७६३ साली मेंडेल्सोन यांना येथे राहण्याची जी परवानगी मिळाली, ती त्यांच्या एकट्यापुरती होती. आज त्यांच्या दगडाभोवतीच्या जमिनीत जो कोणी आहे, त्या प्रत्येकाला ती आहे.